दुसऱ्याच्या नावावर केलेली आई

रत्नदीप शेजवळला कुणी "काय करतोस?" असं विचारलं की तो आधी घसा खाकरायचा. मग "लिहितो" म्हणायचा. विठ्ठलवाडीच्या त्यांच्या चाळीत एवढ्या उत्तराने कुणाचं समाधान होत नसे. लिहितो तर कारकूनही, आणि सोसायटीचा वॉचमनसुद्धा गाड्यांचे नंबर लिहितो. मग रत्नदीप "इंग्रजीत" अशी पुस्ती जोडायचा, आणि समोरच्याच्या तोंडावर थोडा आदर उमटला रे उमटला की विषय बदलायचा. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असे. नाव कुठे छापून येतं तुझं?

नाव कुठेच छापून येत नव्हतं. न छापण्याचेच तर त्याला पैसे मिळत होते.

परदेशी कॉलेजात शिकणाऱ्या ज्या मुलामुलींना निबंध लिहिता येत नसे, किंवा येत असून कंटाळा असे, त्यांचे निबंध रत्नदीप लिहून द्यायचा. नर्सिंगचे, मॅनेजमेंटचे, समाजशास्त्राचे, पडेल ते. विषय कळो न कळो, दोन दिवस वाचायचं आणि तिसऱ्या दिवशी त्यात मुरलेल्या माणसासारखं लिहायचं. त्याच्या लिखाणावर पास झालेली पोरं आज कुठे कुठे वॉर्ड सांभाळत असतील, बँकांत बसली असतील. हा मात्र अजून चाळीतल्या दीड खोलीत, कपड्यांच्या दोरीखाली, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप घेऊन बसलेला.

तसा तो काही हौसेने या धंद्यात आलेला नव्हता. मराठी शाळेतून निघून, शब्दकोश फाटेस्तोवर वापरून त्याने इंग्रजीत एम. ए. केलं. पुढे कल्याण-उल्हासनगरच्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. तास बुडाला तर पैसे बुडाले, आणि तास झाला तरी पैसे कधी येतील ते वरच्यालाच ठाऊक. कायमची जागा निघेल, निघेल म्हणता म्हणता याचे केस मागे सरकले. अशा वेळी त्याचा कॉलेजातला दोस्त रवींद्र राणे भेटला. डोंबिवली पूर्वेला त्याने एक गाळा घेतला होता, बाहेर 'करिअर मार्गदर्शन' अशी पाटी होती, आणि आत मार्गदर्शन सोडून बाकी सगळं चालायचं.

"अरे, तुझं इंग्लिश एवढं झकास आणि तू तिकडे तासांवर मरतोस?" रवींद्र म्हणालेला. "माझ्याकडे वेबसाइटचं काम आहे. फक्त एक आहे, तिकडे क्लायंटला नेटिव्ह रायटर लागतो. गोरा. म्हणून तुझं नाव तिथे डॅनियल."

"आणि मी कोण मग?"

"तू लिही ना यार. नावाचं काय घेऊन बसलास!"

त्या वेबसाइटवर दोन दर होते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांना एक, आणि आपल्यासारख्यांना त्याच्या निम्म्याहून कमी. डॅनियलला वरचा दर मिळायचा. पण डॅनियल आणि रत्नदीप यांच्यामध्ये रवींद्र उभा होता, आणि रवींद्रच्या हातातून खाली येईतो तो दर पुन्हा आपल्या मूळ वळणावर जायचा. म्हणजे लिहायचं गोऱ्यासारखं आणि घ्यायचे काळ्यासारखे. वर बढती नाही, अनुभवाला किंमत नाही. शिपाईसुद्धा दहा वर्षांनी हेडशिपाई होतो. डॅनियलचा मोठा डॅनियल होत नाही. आणि अलीकडे तर मशीनच निबंध लिहायला लागलं, तेव्हा रवींद्रकडून येणारं काम पार उतरणीला लागलं. आता मशीनने लिहिलेलं "जरा माणसासारखं करून दे" एवढंच यायचं, तेही चणे-फुटाण्यांच्या भावात. मशीनचं खरकटं काढायचं काम, असं रत्नदीप त्याला म्हणायचा आणि शिव्या देत देत तेच करायचा.

घरी तो आणि त्याचे वडील धोंडिबा, दोघंच. आई जाईबाई सहा वर्षांमागे गेली. धोंडिबा नगरकडच्या गावचे. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात जन्म काढून आता घरी होते. त्यांना नावाचं भारी वेड. त्याला कारणही होतं. त्यांच्या बापाला गावात कधी कुणी पुऱ्या नावाने हाक मारली नव्हती. म्हणून पोराच्या दहावीच्या वेळी वस्तीतल्या फलकावर 'रत्नदीप धोंडिबा शेजवळ' असं तिन्ही नावं घालून अभिनंदन लागलं, त्याचा फोटो त्यांनी अजून बुद्धमूर्तीशेजारी ठेवला होता. दर पौर्णिमेला विहारात कुणी ना कुणी विचारायचं, आणि धोंडिबा सांगायचे, "विलायतेच्या पोरांना शिकवतो." ते ऐकलं की रत्नदीप तिथून उठून चपला शोधायला लागायचा.

आणि अशात ठाण्याची जाहिरात आली.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीला सीनियर एडिटर हवे होते. जपान, कोरिया, ब्राझील, कुठकुठल्या शास्त्रज्ञांचे लेख यायचे, त्यांचं इंग्रजी सुधारून नियतकालिकांना पाठवायचं. राजरोस, इज्जतीचं काम. पगार महिन्याच्या महिन्याला, पीएफ, आणि संपादित केलेल्या प्रत्येक लेखाच्या दाखल्यावर संपादकाचं नाव. त्या शेवटच्या गोष्टीवर रत्नदीपचा जीव जडला. पस्तिशी उलटलेली, हातातलं काम आटत चाललेलं. ही नोकरी हुकली तर पुन्हा मशीनची खरकटी, हे त्याला आरशासारखं लख्ख दिसत होतं.

पहिली परीक्षा व्याकरणाची होती. त्यात तो सगळ्यांत वर आला. निवड समितीच्या अमृता देवधर म्हणून होत्या, त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. "फारच छान. आता फक्त तुमचं स्वतःचं काहीतरी लेखन पाठवा. विषय कुठलाही चालेल, तुमच्या नावावरचं हवं. पुढच्या आठवड्यात भेटू."

स्वतःचं, आणि नावावरचं! फोन ठेवल्यावर रत्नदीप हसायलाच लागला. घरात धान्याची कोठारं भरलेली आणि आपल्या नावाचा एक दाणा नाही, अशी गत. त्याने रवींद्रला फोन लावला.

"सॅम्पल?" रवींद्र म्हणाला. "अरे, आपल्या धंद्यात सॅम्पल नसतं रे. तोंड बंद असतं. नवीन लिही ना एखादं, तुला काय, हातचा मळ."

नवीन लिहायला रत्नदीप बसला, नाही असं नाही. पण इथे एक भलतंच झालं. 'मी' असं लिहून तो पुढे जाईना. इतकी वर्षं तो हजारो वेळा 'मी' म्हणाला होता. मी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. मी, एका खाणकामगाराचा मुलगा. मी, विधवा, दोन मुलांची आई. प्रत्येक 'मी'ला कसं बोलायचं ते त्याला बरोबर सुचायचं. विठ्ठलवाडीचा रत्नदीप शेजवळ म्हणून 'मी' म्हटलं की कर्सर नुसता लुकलुकत राही. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्याला एकदम आठवलं की आपण एकदा खरं लिहिलेलं आहे. आपल्या आईबद्दल.

ती हकिगत अशी. आई गेल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा रवींद्रने फोन केला होता. इंग्लंडमधल्या एका नर्सिंगच्या मुलीला निबंध हवा होता, आपल्या जवळच्या माणसाच्या शेवटच्या दिवसांवर. आपण काय पाहिलं, काय शिकलो, असा. "तुला आत्ताच अनुभव आहे ना?" रवींद्र म्हणाला. "तूच कर. दुसऱ्या कुणाला जमणार नाही." असं बोलायला माणसाला काळीज लागत नाही, नसावंच लागतं. पण आईच्या आजारपणात घर धुऊन निघालं होतं आणि रत्नदीपला नाही म्हणायची सोय नव्हती.

तो बसला आणि एका दमात लिहून मोकळा झाला. जाईबाई जन्मभर उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कापायची. ढिगाने पँटी घरी यायच्या आणि तिची बोटं रात्रंदिवस निळी असायची. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात शेवटच्या ग्लानीतसुद्धा ती बोटं चादरीचे धागे शोधत होती. हे सगळं त्याने लिहिलं. लिहिताना रडला. मग ते लिखाण दुरुस्त्यांसाठी परत आलं, समासात लाल शेऱ्यांची रांग लागलेली. आईची आजी करा. साडी नको, स्वेटर करा. जीन्सचं काम नको, आजी विणकाम करत होती असं दाखवा. भाकरी म्हणजे काय? असे कितीतरी. मुदत सायंकाळची होती. रत्नदीपने दात-ओठ खात एकेक शेरा निस्तरला आणि फाईल ढकलून दिली. पुढे रवींद्रने कौतुक पोचवलं, "अरे, पोरीला डिस्टिंक्शन मिळालं. तिच्या मॅडमनी ती पक्ष्याची ओळ म्हणे वर्गात वाचून दाखवली. मान गये, डॅनियल!"

ती ओळ अशी होती: शेवटच्या दिवसांत ती खिडकीकडे तोंड करून एकच विचारायची, पक्षी आला का?

डॅनियलला मिळालेली तेवढी एक शाबासकी. ती ओळ रत्नदीपला तोंडपाठ झाली होती. मशीनचं खरकटं काढताना कधी फारच जीव उबगला तर तो मनात ती म्हणून पाहायचा आणि स्वतःला सांगायचा, हे मी लिहिलंय.

तर आता ते जुनं लिखाण त्याने बाहेर काढलं. त्याच्याकडे मूळ मसुदा उरलेला नव्हता, इंग्लंडला गेलेला तेवढा होता. तोच समोर ठेवून तो आईला परत आणायला लागला. आजीची आई केली. स्वेटर काढून हिरवी सुती साडी नेसवली. विणकामाच्या सुया टाकल्या आणि धागे कापायची छोटी कात्री आईच्या हातात परत दिली. मजा वाटायला लागली त्याला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहिताना हात हलका झाला होता. तो पक्ष्याच्या ओळीशी आला, आणि नेमकी बाहेरून शेजारच्या शकूताईंची हाक आली.

"ओ धोंडिबादादा! नळ आला, नळ! नंतर नाय म्हनू नका!"

धोंडिबा विहाराकडे गेले होते. रत्नदीपने कपाळाला हात लावला. इथे माणूस जरा कुठे रंगात येतो की यांचा नळ येतो! चरफडत उठून त्याने पिंप भरलं, हंडे भरले, बादल्या भरल्या, शकूताईंशी पाइपावरून दोन शब्द झाले, आणि ओल्या हातांनी परत येऊन बसला. पक्ष्याची ओळ पुन्हा वाचली. तिला हात लावायचं कारणच नव्हतं. ती तशीच ठेवली, शेवटी आपलं पूर्ण नाव टाइप केलं, वडिलांचं मधे घालून, आणि पाठवून दिलं.

आता कुणी म्हणेल, माणूस धंद्यातलाच, त्याला कळायला नको? ही कॉलेजं मुलांचे निबंध एका मोठ्या यंत्राच्या पोटात टाकून ठेवतात, आणि पुढे कुणीही काही दिलं तर ते यंत्र सांगतं, हे अमक्याचं आहे. रत्नदीपला हे झोपेतही माहीत होतं. दुसऱ्यांचे निबंध त्यातून सुटावेत म्हणून तर त्याने वर्षानुवर्षं झिलया दिल्या होत्या. पण आपल्याच आईबद्दलचं आपलंच लिखाण कुणी चोरीचं ठरवेल, हे त्याच्या डोक्यात यावं तरी कसं?

मुलाखतीच्या दिवशी धोंडिबांनी सकाळी त्याचा शर्ट स्वतः इस्त्री करून आणला. "हापिसच्या कार्डावर मधलं नाव घालत्यात का रं?" एवढंच विचारलं. रत्नदीप हसून "घालतात" म्हणाला.

अमृता देवधर चाळिशीच्या, साध्या, बोलायला नीट बाई. त्यांनी चहा मागवला. मग लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर त्याचं लिखाण होतं आणि त्यातल्या ओळींमागून ओळी पिवळ्या झालेल्या होत्या.

"रत्नदीप, मी स्पष्टच बोलते हं. हा लेख इंग्लंडमधल्या एका विद्यार्थिनीचा आहे. सहा वर्षांपूर्वीचा. तुम्ही आजीच्या जागी आई घातलीत, कपडे बदललेत. बाकी सगळं तिचं आहे. व्याकरणात तुम्ही पहिले आलात हो, मला खरंच वाईट वाटतंय. पण दुसऱ्याच्या घरातलं मरण असं उचलून आणायचं?"

रत्नदीपने पिवळ्या ओळींवरून नजर फिरवली. गप्प बसलो तर आपण चोर. तोंड उघडलं तर इतकी वर्षं काय करत होतो ते सांगावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. पण आईला चोरीचा माल म्हणून टेबलावर ठेवून उठून जाणं काही त्याला जमेना.

"मॅडम, ती माझी आई आहे."

"मग त्या मुलीकडे कशी गेली?"

"मी लिहून दिलं तिला. पैसे घेऊन. मी तेच काम करतो."

अमृताबाईंनी चहाचा कप बाजूला केला.

"म्हणजे तुम्ही विद्यार्थ्यांच्या परीक्षा लिहिता. हे तर त्याहून अवघड झालं. आमच्याकडे जगभरचे लोक आपलं संशोधन विश्वासाने पाठवतात. उद्या हे बाहेर कळलं तर?"

"मग चोर म्हणूनच धरा ना मॅडम! त्यात निदान एकच गुन्हा आहे." रत्नदीपचा आवाज चढला. "तासांवर शिकवलं तेव्हा कुणी कायम केलं नाही. माझ्या नावाने लिहिलं तर निम्मा दर. गोऱ्या नावाने लिहिलं तर वाहवा. आणि आज स्वतःच्या नावाने दिलं तर म्हणे दुसऱ्याचं! मी लिहायचं तरी कुठल्या नावाने?"

"तुमचा राग मला समजतो," त्या म्हणाल्या, आणि बहुतेक समजतही असावा. "पण खरं सांगू का? तुम्ही हे लिहिलंत यावर माझा अजून विश्वास बसत नाही. बाकीचं एक वेळ मानेन. ही ओळ बघा, पक्षी आला का. गेली कित्येक वर्षं मी उमेदवारांचं इंग्रजी वाचतेय. आपल्याकडच्या माणसाला हे सुचत नाही हो. हे त्या वातावरणात वाढलेल्या माणसाचंच आहे. आणि मरणाच्या दारात पक्ष्याची वाट बघणारी बाई… विठ्ठलवाडीत?"

"का? विठ्ठलवाडीत पक्षी नसतात?" रत्नदीप ताडकन उभा राहिला. "माझी आई हेच विचारायची. मी स्वतः ऐकलंय, तिच्या उशाशी बसून. तुम्हाला पटो न पटो."

मग उभं राहून करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तो निघाला.

वागळे इस्टेटपासून ठाणे स्टेशनापर्यंत तो चालतच आला, मनातल्या मनात अमृताबाईंशी भांडत. एकाहून एक सरस उत्तरं सुचत होती. अशी उत्तरं नेहमी जिना उतरल्यावरच सुचतात. रवींद्रचा फोन वाजला, तो त्याने कापला. लगेच मेसेज आला. नवं काम होतं, मशीनचं लिखाण माणसासारखं करायचं, संध्याकाळपर्यंत. सगळ्यांत जास्त त्याला डाचत होती ती शेवटची गोष्ट. नोकरी हुकली, ती आपल्यासारख्यांची हुकतच असते. पण आईच्या तोंडचं शेवटचं वाक्य आईचं नाही असं एक परकी बाई सांगते, आणि आपल्याजवळ पुरावा नाही!

मग त्याच्या ध्यानात आलं की पुरावा आहे. दवाखान्यात आईच्या उशाशी तो आणि धोंडिबा, दोघंही बसायचे.

धोंडिबा दारातच खुर्ची टाकून होते. पोराचं तोंड बघून त्यांनी काय ते ओळखलं.

"नाय झालं?"

"नाही झालं, दादा."

"काय म्हन्ले?"

रत्नदीपने शर्टाची वरची बटणं सोडली, पाणी प्यायला आणि सगळं सांगून टाकलं. विलायतेच्या पोरांना शिकवत नाही, त्यांचं लिहून देतो, हेही. आईवरचं लिखाण विकलं होतं, हेही. धोंडिबांनी बुद्धमूर्तीशेजारच्या त्या फोटोकडे एकदा बघितलं.

"तुज्या आईवर लिवलंस," ते म्हणाले, "आन् साऱ्या दुनियेनं वाचलं. मलाच तेवढं ठाऊक न्हाई. वाच बरं मला."

"इंग्रजीत आहे, दादा."

"मग मराठीत सांग. तुला येतं ना दोन्ही?"

रत्नदीपने लॅपटॉप उघडला आणि एकेक ओळ मराठीत करून सांगायला लागला. निळी बोटं आली तेव्हा धोंडिबांनी मान हलवली. "लई निळी व्हायची. लिंबू लावायची, तरी जायाची न्हाई." हिरव्या साडीला ते म्हणाले, "ती मीच आनली व्हती, कल्यानातनं." चादरीचे धागे आले आणि म्हाताऱ्याने डोळ्यांना उपरण्याचं टोक लावलं. नोकरी गेली तर गेली, असं त्या घटकेला रत्नदीपला खरोखर वाटलं. ज्याला कळायला हवं त्याला कळत होतं.

"आणि शेवटच्या दिवसांत," तो वाचत होता, "ती खिडकीकडे तोंड करून एकच विचारायची, पक्षी आला का?"

धोंडिबांनी उपरणं खाली घेतलं.

"कसला पक्षी?"

"अहो, शेवटी नाही का विचारायची ती सारखी? पक्षी आला का म्हणून."

"आरं, पक्षी कुठला? नळ! नळ आला का रं, नळ आला का, आसं म्हनायची. दवाखान्यात पडून तिला घरच्या पान्याचा घोर. तू तर हो म्हनायचास, आई, आला, भरलंय सगळं. मग निजायची."

रत्नदीप पडद्याकडे बघत राहिला. समासातला एक लाल शेरा, इतक्या वर्षांनी, अक्षर न् अक्षर वर आला. नळ कुणाकडे येत नसतात. वाक्याला अर्थ नाही. काहीतरी वेगळं घाला. आणि मुदत सायंकाळची. समोरच्या छपरावर तेव्हा एखादा कावळा नाहीतर चिमणी बसली असेल, नसेल, त्याने पटकन काहीतरी वेगळं घातलं होतं. मग त्यालाच शाबासकी मिळाली, आणि तेच त्याने पाठ करून टाकलं. परवा ती ओळ डोळ्यांपुढे उघडी असताना शकूताई दारात ओरडत होत्या, नळ आला, आणि हा हंडे भरून आला होता, आईसारखाच. तरी काही आठवलं नव्हतं. त्या देवधरबाई खरं बोलत होत्या. ती ओळ त्याच्या आईची नव्हतीच.

धोंडिबा त्याच्या तोंडाकडे बघत होते. पोराचं काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं, आणि पोराला सावरून घ्यायची सवय जुनी.

"आसंल, आसंल," ते म्हणाले. "इंग्रजीत नळाला पक्षी म्हनत्यात का?"

रत्नदीपने डोळे मिटले, आईचा चेहरा समोर आणला आणि तिच्याकडून 'नळ आला का' हे तीन शब्द एकदा ऐकायचा प्रयत्न केला. आई खिडकीकडे वळली, ओठ हलले, आणि त्याला ऐकू आलं ते इंग्रजीत होतं, पक्ष्याचंच.